शेवटच्या रांगेपर्यंत : झाडीपट्टीच्या आवाजाचा इतिहास

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांचा, नटांचा आणि फार तर नेपथ्यकारांचा इतिहास म्हणून वाचत आलो आहोत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, तिथून सुरू होणाऱ्या या कथेत पदे आहेत, पडदे आहेत, कंपन्यांचे उदयास्त आहेत. नटाने उच्चारलेला शब्द शेवटच्या प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न मात्र त्या कथेत क्वचितच येतो. बंदिस्त नाट्यगृहात तो फारसा जाणवतही नाही. भिंती आणि छत मिळून आवाज सांभाळून घेतात. पण धान कापून झालेल्या उघड्या बांध्यांमध्ये, थंडीच्या रात्री, कापडी मंडपाखाली हजारांनी माणसे बसलेली असतात, तिथे हाच प्रश्न पहिला ठरतो. झाडीपट्टी रंगभूमीचा इतिहास या बाजूने वाचून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला वैनगंगेच्या आसपासचा जंगलपट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास धान घरात येऊ लागले की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. नाट्यमंडळांची बाजारपेठ वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथून गाड्या भरून संच गावोगाव जातात. कुरखेडा तालुक्याला या रंगभूमीत आपले स्वतःचे स्थान आहे. याच तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्राच्या उरलेल्या भागातल्या अनेकांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदाच लक्षपूर्वक ऐकले असावे. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी गावजत्रेची जुनी जोडी होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करण्याची मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पट थांबले तरी नाटक चालूच राहिले. या भागात नाटकाची मुळे किती खोल आहेत, हे त्यावरून कळते.

या नाटकाच्या आधीची परंपरा दंडारीची आणि खडी गंमतीची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीबरोबरच या लोकप्रकारांकडेही आपले लक्ष वेधले आहे. तिथे माईक नव्हता, पण ध्वनीची व्यवस्था होती. प्रेक्षक गोल करून जवळ बसत किंवा उभे राहत. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे कानापासून नटाचे अंतर कमी ठेवणे हाच सर्वांत स्वस्त लाऊडस्पीकर. मुख्य गाणाऱ्याची ओळ झीलकरी उचलून धरत. त्यामुळे एका गळ्याचे चार गळे होत आणि पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्यांदा हाती लागे. गद्यापेक्षा पद्य, सखल स्वरापेक्षा चढा स्वर, लहान वाक्य आणि त्याची पुनरावृत्ती, ही सगळी आपण शैलीची लक्षणे म्हणून मोजतो. ती लक्षणे आहेतच. पण त्यांतली प्रत्येक गोष्ट शब्द पोहोचवण्याच्याही कामाची आहे.

लाऊडस्पीकरचा जन्म मात्र दूर देशी झाला. विद्युतप्रवाह वाहणारे तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलते आणि त्याला चिकटलेला पडदा हवा ढकलतो. हे तत्त्व प्रत्यक्षात आणणारी, आजच्या शंकूच्या स्पीकरची पूर्वज ठरलेली रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. भारतात १९३०च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांत नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे दिसू लागले, आणि १९४० साली सुरू झालेल्या 'आहुजा'चे नाव पुढे खेडोपाडी कर्ण्यालाच पर्याय म्हणून रुळले. या यंत्रांचा मोठा गुण असा की मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही ती चालत. वीज पोहोचली नव्हती, अशा गावांतही आवाज पोहोचू शकत होता.

कर्ण्याचे, म्हणजे आपल्या भोंग्याचे, शास्त्र समजण्यासारखे आहे. लहानसा पडदा मोठ्या उघड्या हवेला नीट ढकलू शकत नाही. त्याची ताकद वाया जाते. हळूहळू रुंदावणारी नळी त्या दोघांमध्ये मध्यस्थी करते. थोड्या विजेत पुष्कळ आवाज मिळतो आणि तो एका दिशेला जातो. त्याची किंमत म्हणजे खर्जाचा त्याग. तोंड जेवढे लहान, तेवढा खालचा स्वर कमी. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे बहुतेक सारे भोंग्यात गळून पडते. पण भाषेतला अर्थ बव्हंशी व्यंजनांत असतो आणि व्यंजने वरच्या पट्टीत असतात. म्हणून भोंग्यातून येणारा आवाज चिरका, नाकातला वाटला तरी 'पाणी' आणि 'वाणी' यांतला फरक कळतो. भोंग्याने आवाजाचे सौंदर्य घेतले आणि शब्द ठेवला, असे म्हणता येईल.

माईक आला तसा अभिनयही बदलला. झाडीपट्टीच्या रंगमंचावर वरून टांगलेले माईक असतात आणि जाणता नट संवादाच्या वेळी नेमका त्यांच्याखाली येतो. बाहेरच्या समीक्षकाला ही हालचाल कृत्रिम वाटते. तिच्यामागे एक कारण आहे. दोन माईकांच्या मधोमध नव्हे, तर थोडे बाजूला उभे राहून नट बोलला, की त्याचा आवाज एका माईकात आधी आणि दुसऱ्यात किंचित उशिरा शिरतो. अंतरातला फरक केवळ १७ सेंटिमीटर असला तरी १००० हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्हींच्या बेरजेत जवळजवळ नाहीसा होतो. ३४ सेंटिमीटर असला तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा. नट चालू लागला की या खाचा सरकत जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा घुमतो. नटाच्या तोंडापासून माईक जेवढा लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवावे, असा ध्वनिव्यवस्थेतला जुना नियम आहे. तो नियम न वाचलेल्या नटांनी अनुभवातून जागा ठरवल्या. आपण ज्याला झाडीपट्टीचा 'ठोकळेबाज' वावर म्हणतो, त्यात हे ज्ञानही मुरलेले आहे.

यानंतरचा टप्पा सबवूफरचा. पायपेटी आणि तबल्याच्या शेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले. नाटकाच्या मधल्या नाचगाण्यांना छातीत घुमणारा ठोका हवासा झाला. भोंग्याने टाकून दिलेला खर्ज परत आणण्यासाठी १५ आणि १८ इंची स्पीकरांच्या मोठ्या पेट्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. इथे ताकदीचा प्रश्न सुटला आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी कुरखेड्याजवळच्या एका गावी मी नाटक पाहायला गेलो होतो. जागा डाव्या कडेला मिळाली. पहिल्या गाण्यापासून तिथे खर्जाचा असा दणका होता की पुढच्या प्रवेशात आई लेकीला काय सांगते आहे ते कळेना. पार्श्वसंगीत चालूच होते आणि शब्द त्याखाली दबत होते. शेजारची म्हातारी मला दोनदा विचारती झाली, "का म्हणते गा ते?" मलाही सांगता येईना. उठून मागे मधोमध गेलो, तिथे साऊंडवाला बसला होता. आणि आश्चर्य असे की तिथे खर्ज जवळजवळ नव्हताच! त्याला तो ऐकू येत नव्हता, म्हणून तो बटण वाढवत होता. आणि कडेची माणसे त्याखाली चिरडत होती. मध्यंतरात मंडळाबरोबरच्या एका वयस्कर मेकॅनिकाने एका पेटीची मागची तार काढली, तिची दोन टोके उलटी जोडली आणि काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या अंकात बटण अर्ध्यावर आले, मध्यावर खर्ज परतला आणि कडेला बसलेल्या म्हातारीला संवाद ऐकू येऊ लागले.

त्या तारेत दडलेली गोष्ट म्हणजे फेज. पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत तिला 'कला' म्हणतात. चंद्राच्या कला म्हणतो तशी. लाट आपल्या चक्रात या क्षणी कुठे आहे, चढावर की उतारावर, ते सांगणारी ही गोष्ट. दोन पेट्यांचे पडदे एकाच वेळी पुढे आले तर दोन्ही लाटा एकमेकींत मिळतात. एकाची तार उलटी असेल तर एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. दोन्हींपासून समान अंतरावर असलेल्या मध्यरेषेवर बेरीज शून्याच्या जवळ जाते. दोन्ही पेट्या पूर्ण ताकदीने काम करतात आणि मधल्या माणसापर्यंत काहीच पोहोचत नाही. खर्ज असा नाहीसा झाला तरी तो यंत्राचा दुबळेपणा नसतो, म्हणून ताकद वाढवून तो परत येत नाही. याची परीक्षा फार स्वस्त आहे. टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन खुणेला लागले असता पडदा बाहेर आला तर जोडणी सुलट. सगळ्या पेट्यांचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत.

तारा सुलट असल्या तरी भूमिती उरतेच. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर आणि ५० हर्ट्झची ६.८ मीटर, एखाद्या खोलीपेक्षा मोठी. दोन सबवूफर एकमेकांपासून १२ मीटरवर ठेवले आहेत असे धरू. पेट्यांच्या रेषेपासून १५ मीटर मागे, मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर बाजूला जो बसेल, त्याला एका पेटीचे अंतर दुसरीपेक्षा सुमारे ३.४ मीटरने जास्त पडते. ही नेमकी अर्धी लाट. तिथे ५० हर्ट्झचा ठोका विरतो. त्याच्या पलीकडे तो पुन्हा भरतो. मंडपात खर्जाच्या अशा नांगरलेल्या सऱ्या तयार होतात आणि आपण कोणत्या सरीत बसलो हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. उपाय म्हणजे दोन्ही पेट्या रंगमंचासमोर मधोमध एकत्र ठेवणे. दिसायला ते कमी भव्य दिसते, आणि बहुधा म्हणूनच कमी केले जाते.

मागच्या रांगांसाठी लांब खांबावर जादा स्पीकर बांधला तर काळाचा हिशेब येतो. रंगमंचापासून ३४ मीटरवरच्या स्पीकरशेजारी बसलेल्याला जवळचा शब्द लगेच ऐकू येतो आणि रंगमंचावरचा तोच शब्द दहावा भाग सेकंद उशिरा. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवले की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आतला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून घेतो; त्यापुढे तो वेगळा प्रतिध्वनी होऊन शब्द विस्कटू लागतो. आज साध्या डिजिटल मिक्सरमध्येही मागच्या स्पीकरला तेवढा उशीर लावता येतो. गैरसोय पैशांची उरलेली नाही; हिशेब करणाऱ्या माणसाची आहे.

ताकदीच्या मोहाबद्दलही दोन आकडे पुरेत. वॉट दुप्पट केले की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. शिवाय मोठा खर्ज वरच्या स्वरांना झाकतो आणि व्यंजने तिथेच मरतात. मंडपाबाहेरचा हिशेब आणखी वेगळा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर न जाता पुन्हा जमिनीकडे वाकतो. म्हणून जंगलापलीकडच्या गावालाही नाटक ऐकू येते. पूर्वी हे निमंत्रण होते. आता २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंतची सूट. रात्रभर चालणाऱ्या रंगभूमीला या नियमाशी सामना करावाच लागतो. झोपणाऱ्याचा हक्क खराच आहे. आणि आवाज मंडपात ठेवण्याची कला जाणणारा माणूसच या दोघांमध्ये काही तडजोड घडवू शकेल.

झीलकऱ्यांपासून सबवूफरपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर आवाज वाढत गेला. शब्द दरवेळी त्याच्याबरोबर वाढला, असे मात्र नाही. भोंग्याने खर्ज गमावून शब्द राखला; पेट्यांनी खर्ज मिळवला आणि अनेकदा शब्द गमावला. झाडीपट्टीचे नाटक मुख्यतः संवादांवर उभे आहे. तिथली रडणारी आई आणि हसवणारा नट, दोघेही शब्दांनीच माणसांना पहाटेपर्यंत थंडीत धरून ठेवतात. त्या शब्दांची जबाबदारी रात्रभर ज्याच्या हाती असते, त्याचे नाव जाहिरातीच्या फलकावर नसते आणि रंगभूमीच्या इतिहासातही नसते. त्या मेकॅनिकाचे नाव मीही विचारले नाही. दुसरा अंक सुरू झाला होता, आणि म्हातारी आता मला काही विचारत नव्हती.