आंबील ओढा आणि स्वारगेट परिसराची भूरचना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुण्याच्या पुराचा विषय निघाला की १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणाचे स्मरण होते व मुठा नदीचाच विचार केला जातो. तथापि स्वारगेट, पर्वती व सहकारनगर या दक्षिण भागाची भूमी मुख्यतः मुठेच्या उपप्रवाहांनी घडविली आहे. त्यांपैकी आंबील ओढ्याच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नैसर्गिक घडण

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे थर निर्माण झाले. हे थर झिजवीत मुठा पूर्वेकडे वाहते. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा मात्र उत्तरेकडे उतरून तिला मिळतो. डोंगरउतारावर तीव्र वेगामुळे तो खडक कोरतो, तर सपाटीवर वेग मंदावल्याने गाळ टाकतो. अशा प्रवाहाची लांबी थोडी व उतार अधिक असल्यामुळे मुसळधार पावसानंतर अल्पावधीत पूर येतो. एरवी कोरड्या दिसणाऱ्या पात्राची रुंदी ही अशाच पुरांची निर्मिती असते.

पेशवेकालीन हस्तक्षेप

जुन्या पुण्याची सीमाच प्रवाहांनी आखली होती. कसब्याच्या पूर्वेस नागझरी, तर पश्चिमेस आंबील ओढा होता. पुढे पेठांचा विस्तार होऊ लागला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०-१७६१) हा ओढा पर्वतीच्या पायथ्याजवळून पश्चिमेकडे वळविण्यात आला आणि जुन्या पात्राची भूमी वस्तीस उपलब्ध झाली.

याच काळात कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळाने शनिवारवाड्यापर्यंत व वाटेतील हौदांपर्यंत आणण्यात आले. स्वारगेटच्या पश्चिमेस, पर्वतीच्या पायथ्याशी दुसरा तलाव निर्माण झाला. त्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीची स्थापना झाली. म्हणजेच ओढा वळविताना त्याच्या वरच्या अंगास व वळणापाशी पाणी साठविण्याची सोयही झाली होती. तिचा मुख्य हेतू पाणीपुरवठा व शोभा हा असला, तरी पुराचा जोर काही अंशी शोषण्याचे कार्य तिच्याकडून आपोआप घडत असावे, असे अनुमान करता येते.

उत्तरकालीन परिवर्तन

१८७९ मध्ये खडकवासला धरण पूर्ण झाले व मुठेचा उजवा कालवा पर्वती-स्वारगेट भागातून नेण्यात आला. नगराची तहान कात्रजच्या पाण्यावर अवलंबून राहिली नाही; साहजिकच जुन्या व्यवस्थेचे महत्त्व ओसरले. विसाव्या शतकात पर्वतीचा तलाव जाऊन तेथे सारसबागेचे आजचे उद्यान आले. ओढ्याच्या काठी दाट वसाहती उभ्या राहिल्या व पात्र आक्रसत गेले.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी कालव्याची भिंत फुटून दांडेकर पूल परिसरात पाणी शिरले. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, अतिवृष्टीने आंबील ओढ्यास महापूर आला. पुणे शहर व जिल्हा मिळून वीसहून अधिक जणांचा त्या आपत्तीत बळी गेला. पहिली घटना मानवनिर्मित प्रवाहाची, तर दुसरी नैसर्गिक प्रवाहाची. परंतु दोन्ही वेळी मोठी झळ सखल भागातील कष्टकरी वस्तीस बसली.

निष्कर्ष

पेशव्यांनी ओढ्याचा मार्ग बदलला, याचे दाखले देऊन आजच्या बदलांचे समर्थन केले जाते. ते समर्थन अपुरे आहे. मार्ग बदलला तरी कात्रजचा उतार व पाणलोट बदललेला नाही. त्यामुळे वाहून येणाऱ्या पाण्यास जागा द्यावीच लागते. आपण पेशवेकालीन वळण स्वीकारले, पण त्याच्या सोबतीचा तलाव बुजविला आणि नव्या पात्राची रुंदीही राखली नाही. २०१९ चा पूर केवळ नैसर्गिक आपत्ती नसून अडीच शतकांच्या भूमिवापराचा परिणाम आहे. म्हणूनच पूररेषा आखताना पर्जन्यमानाच्या आकड्यांबरोबरच जुने नकाशे व दप्तरे यांचाही आधार घेणे अगत्याचे ठरते. या कामी इतिहास व भूगोल या दोन्ही विभागांनी एकत्र येणे आवश्यक आहे.