जंगालाची खोली

जुन्या घराच्या भिंती फिकट रंगाच्याच असाव्यात, अशी सुशिक्षितांची एक समजूत असते. राखी छटेचा हिरवा, मळकट निळा, विटका पिवळा हे रंग दिसले कीं पूर्वजांच्या संयमाची व कुलीन अभिरुचीची साक्ष पटली, असें आपण मानतों. आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच मानीत आलों. पण ही अभिरुचि पूर्वजांची नसून काळाची आहे, हें आतां कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत माउंट व्हर्नन हें जॉर्ज वॉशिंग्टनचें घर आहे. त्यांतील लहान भोजनगृहाच्या भिंती १७८५ च्या सुमारास जंगालानें रंगविल्या गेल्या. जंगाल म्हणजे तांब्याचा कळक. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेवलें तर जें हिरवें विष उमटतें, त्याचेंच हें मुद्दाम केलेलें रूप. फ्रान्समधील माँपेल्ये येथें तांब्याचे पत्रे द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्याच्या थरांत रचून ठेवीत व त्यांवर चढलेली हिरवी पूड खरवडून घेत. हा धंदा घरोघरच्या तळघरांत चाले आणि बहुतांशीं बायकांच्या हातीं असे. अशा महागड्या रंगाची खोली दिव्याच्या उजेडांत पाचूसारखी चमकत असली पाहिजे. हा रंग डोळ्यांना सुखद आहे व इतरांहून कमी विटतो, असा वॉशिंग्टनचा ग्रह होता. पहिली गोष्ट खरी असेल; दुसरी मात्र खरी ठरली नाहीं. तेलांत खललेला जंगाल कालांतरानें तपकिरी पडतो.

इतर रंगांचीही हीच गत. १८ व्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें योगायोगानें सांपडलेला प्रशियन निळा सफेत्यांत मिसळला म्हणजे उजेडानें उडतो. आणि ज्या जवसाच्या तेलांत हे रंग खलीत, तें अंधारांत पिवळें पडतें. निळ्यावर पिवळी झांक आली कीं राखी हिरवा तयार! १९२६ च्या सुमारास विल्यम्सबर्ग या व्हर्जिनियाच्या जुन्या राजधानीचा जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हां भिंत चाकूनें खरवडून जो थर दिसे त्याबरहुकूम नवा रंग जुळवीत. त्या मंडळींचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. परंतु म्हातारपणीं काढलेल्या तसबिरीवरून त्यांनीं नवरदेवाचें वर्णन केलें. त्या फिक्या रंगांची पुढें घरोघर फॅशनच झाली. पुढील पिढीच्या संशोधकांनीं तिळाएवढा कपचा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां कोठें तळचा खरा थर दिसूं लागला. माउंट व्हर्ननची खोली मूळ रंगांत पुन्हां उभी राहिल्यावर पुष्कळांना ती भडक वाटली, यांत नवल नाहीं.

आमच्या वाड्यांच्या भिंतींवरही चुन्याचे हात वर्षानुवर्षें चढत आले आहेत. त्यांच्याखालीं कोठें गेरू, कोठें हिरमुंजी दडलेली असते. डागडुजीस आलेला गवंडी प्रथम छिन्नीनें सगळा गिलावा उडवितो, आणि मग घरमालक दुकानांत जाऊन ‘जुन्या वाड्याचा रंग’ निवडूं लागतो. छिन्नी लागण्यापूर्वीं तुळईच्या आडोशाचा एक कपचा कागदांत गुंडाळून, वर तारीख घालून ठेवावयास कितीसा वेळ लागतो?