उंदराचा जंत आणि युद्धाची वाट

भिलाईला पावसाळा लागला की रेशन स्टोअरमध्ये उंदीर आणि कुंपणाच्या भिंतीवर गोगलगायी, हे ठरलेलेच. या दोघांच्या जिवावर संसार करणारा एक जंत जगात आहे : ‘अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस’, उंदराच्या फुप्फुसातला जंत. त्याचा इतिहास फौजी माणसाने वाचावा असा आहे.

चेन या चिनी संशोधकाला तो १९३३ साली कँटनच्या उंदरांत सापडला. मोठा जंत उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहतो. अळ्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगायीत वाढतात आणि ती खाणाऱ्या उंदरात परत जातात. माणूस यात चुकून सापडतो. कच्ची गोगलगाय किंवा न धुतलेला भाजीपाला पोटात गेला की अळ्या मेंदू गाठतात. डोके असह्य दुखते, मान ताठ होते, क्वचित जीवही जातो.

तैवानमध्ये १९४४ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या मणक्यातील पाण्यात हे जंत दिसले. १९४५ साली ती नोंद जपानी भाषेत छापली गेली, पण युद्धाच्या धामधुमीत ती कोण वाचणार? दरम्यान जपान्यांनी प्रशांत महासागरातील बेटांवर खाण्यासाठी मोठी आफ्रिकन गोगलगाय नेली होती. जहाजांतून उंदीरही फिरत होतेच. १९४८ साली पोनपे बेटावर मेंदूज्वराची साथ आली, कारण कळेना. हवाईत रोझेन आणि सहकाऱ्यांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूत हा जंत ओळखला, तेव्हा १९६२ उजाडले होते. तैवानची नोंद तोवर सतरा वर्षे छापून पडलेली होती.

आपल्याकडे ही आफ्रिकन गोगलगाय युद्धाच्या कितीतरी आधी आली. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. पुढे मुंबईच्या उंदरांतही हा जंत सापडला. त्यावरचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. केरळात घोरपडीचे कच्चे मांस खाऊन आजारी पडलेल्यांच्या नोंदी आहेत.

छत्तीसगडात तळ्यातली घोंघी आवडीने खातात, पण शिजवून. ही रीत शहाणपणाची आहे, कारण नीट शिजवले की अळ्या मरतात. जंगलात ‘मिळेल ते खा’ शिकवताना ‘शिजवून खा’ हेही तितक्याच जोराने सांगायला हवे. मेसमधला कोथिंबीर-पालक पान न् पान धुवा, आणि स्टोअरमधले उंदीर फक्त धान्यच खातात असे समजू नका.

जय हिंद!