जुनापाणीची शिळावर्तुळे आणि आमच्या परसातला दगड

मंडळाची सहल कोठे न्यावी, हा प्रश्न दर वर्षी संक्रांतीची हळदीकुंकवे आटोपली की निघतो. रामटेक झाले, अदासा झाला, सेवाग्राम-पवनार तर दोनदा झाले. यंदा आमच्या वाचनालयाचे काम पाहणाऱ्या वहिनींनी सुचविले, "काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. तेथे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची शिळावर्तुळे आहेत. नागपुरात जन्म काढला, पण आपल्यापैकी कितीजणींनी ती पाहिली आहेत?" एकीनेही पाहिलेली नव्हती. "दगड पाहायला का कोणी सहल नेते?" असा आक्षेप आला खरा, पण तो तिखटमिठाच्या पुऱ्या आणि संत्र्याची बर्फी यांच्या आश्वासनाने शांत झाला, आणि माघातल्या एका रविवारी सकाळी आम्ही एकवीसजणी निघालो.

नागपुरापासून जेमतेम दहाबारा किलोमीटरचे अंतर. गाडीतून उतरलो तेव्हा प्रथम निराशाच झाली. समोर उघडा माळ, वाळलेले गवत, बोरीची झुडपे, मधूनमधून पळस. देऊळ नाही, कळस नाही, पायऱ्या नाहीत. सरकारी फलक होता, म्हणून जागा चुकली नाही एवढेच समजले. आमच्यातल्या एकीने विचारलेही, "वर्तुळे कोठे आहेत?" तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, "अहो काकू, तुम्ही वर्तुळातच उभ्या आहात!"

खरेच तसे होते. एकदा एक गोल नजरेला सापडला, की मग दुसरा सापडतो, तिसरा सापडतो आणि पाहता पाहता सारा माळच बोलू लागतो. काळ्या दगडाचे मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, काही गुडघ्याएवढे, काही कमरेपर्यंत येतील असे. एकेक गोल आपल्या मंडळाच्या सभागृहाहून मोठा. मधली जागा थोडी उंचवट्याची, दगडगोट्यांनी भरलेली. ही माणसांची स्मशानभूमी आहे, हे कळल्यावर आमच्या गप्पा आपोआप हलक्या आवाजात होऊ लागल्या.

ही वर्तुळे कोणाची, हे शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न येथे १८६७ च्या सुमारास झाला. रिव्हेट-कार्नॅक नावाचे इंग्रज अधिकारी त्या काळी मध्यप्रांतात होते. त्यांचे सरकारी काम कापसाचे. पण पऱ्हाटीच्या शेतांतून हिंडता हिंडता त्यांचे लक्ष या धोंड्यांकडे गेले. त्यांनी काही वर्तुळे खणून पाहिली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन छापले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६१-६२ साली, भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने उघडली. लोखंडी खंजीर, लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळण्याच्या कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम अशा वस्तू त्यांतून निघाल्या. मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या कामाच्या वस्तू पुरण्याची चाल होती, हे त्यावरून उघड झाले.

पुढे नागपूर विद्यापीठातील डॉ. शां. भा. देव यांनी या विषयाला वाहून घेतले. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड ही नावे त्यांच्या उत्खननांमुळे विद्वानांच्या तोंडी झाली. माहूरझरीला घोड्याची कवटी मिळाली, तिच्यावर तांब्याचे दागिने होते. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या आगेमागे आपल्या या भागात दगडापासून लोखंड काढणारे कसबी लोक राहत होते. त्यांनी लिहून मात्र काही ठेवले नाही. त्यांची भाषा कोणती, ते एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारीत, यातले काहीच उरले नाही. उरले ते धोंडे आणि धोंड्यांखाली ठेवलेला संसार.

तो संसार मात्र आपल्या ओळखीचा वाटतो. त्यांची मडकी आतून काळी आणि बाहेरून तांबडी असत. भट्टीत भांडे पालथे घातले की आत हवा पोहोचत नाही, म्हणून आतली बाजू काळी राहते आणि बाहेरची तांबूस भाजते. तांब्याच्या झाकणांना धरावयास गाठ हवी, तर तेथे त्यांनी चिमुकला पक्षी बसविला. माहूरझरीला अकीक, कार्नेलियन अशा रंगीत दगडांचे मणी मिळाले. वस्तीच्या जागी तांदूळ, गहू, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे निघाले आणि बोराच्या बियाही निघाल्या. हे वहिनी सांगत असता आमच्यातल्या दोघीजणी ओटीत बोरे वेचीतच होत्या! त्यांनी वेचलेले बोर हातातच धरून ठेवले, आणि क्षणभर कोणी काही बोलले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

वहिनींनी आम्हांला एका धोंड्यापाशी नेले आणि त्यावर बाटलीतले पाणी ओतले. दगडाचा पृष्ठभाग ओला होताच त्यावर वाटीसारखे लहान लहान खळगे उठून दिसू लागले, दोन ओळींत, अगदी मोजून केलेले. "हे निसर्गाने झालेले नाहीत," त्या म्हणाल्या, "माणसाने कोरलेले आहेत." रिव्हेट-कार्नॅकनाही या खळग्यांनी कोड्यात टाकले होते. त्यांच्या देशात, स्कॉटलंड वगैरे भागांत, जुन्या शिळांवर असेच खळगे असतात, याचे त्यांना मोठे नवल वाटले होते.

सगळ्याजणी वाकून पाहत होत्या. माझे मात्र पाय जागच्या जागी थिजले. कारण तो दगड मी पाहिला होता. हाच नव्हे, पण याचाच भाऊ. तो आमच्या परसात, नळाशेजारी आहे.

आमचे घर मामंजींनी १९५६ साली बांधले. पायासाठी दगडांच्या बैलगाड्या शहराबाहेरच्या माळावरून आल्या. त्यांत हा एक सपाट धोंडा आला, तो फोडण्याऐवजी धुण्यासाठी चांगला म्हणून परसात ठेवला गेला. मी १९८१ साली या घरात आले, तेव्हापासून त्यावर धुणे आपटले आहे. त्याच्या एका अंगाला दोन ओळींत बारा खळगे आहेत. सासूबाई दिवाळीत त्यांत तेल घालून वाती लावीत, आणि "आमच्या घरची ही दगडाची दीपमाळ," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवीत. उन्हाळ्यात मी त्यांत चिमण्यांसाठी पाणी घालते. हे खळगे कोणी केले, असा प्रश्न इतक्या वर्षांत घरातल्या एकालाही पडला नाही.

मी हे वहिनींना बाजूला घेऊन सांगितले. वाटले, त्या म्हणतील, परत आणून ठेवा. मी तेवढ्यासाठी टेम्पोचे भाडे देण्याच्या तयारीतही होते. त्यांनी विचारले, "कोणत्या माळावरचा आहे? कोणत्या वर्तुळातला? कोणत्या बाजूचा?" मामंजी गेले, गाडीवान गेले. सांगणारे कोणी उरलेले नाही.

मग त्यांनी समजावून सांगितले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळगेवाल्या ५६ वर्तुळांचे मोजमाप केले. वर्तुळाच्या मध्यापासून पाहिले असता खळग्यांचे दगड वाटेल तेथे नसून तीन ठराविक दिशांना येतात, असे त्यांना आढळले. त्यावरून, आकाशातील काही पाहण्यासाठी, दिशा वा ऋतू समजण्यासाठी ते दगड मांडले असावेत, असा त्यांचा तर्क आहे. तो तर्क पुढे टिको वा न टिको. पण तो करता आला, कारण ते दगड आपापल्या जागी होते. आमच्या परसातल्या दगडावर बारा खळगे अजून आहेत. त्याची दिशा मात्र गेली. पोथीचे पान फाटून एकटेच हाती यावे आणि पोथी कोणती ते कळू नये, तसे हे झाले. आता तो परत नेऊन कोठेही ठेवला, तर एक खोटेपणाच तेवढा वाढेल.

मामंजींना मी दोष देत नाही. ते फार सज्जन होते, आणि त्या काळी घर बांधणारा प्रत्येकजण असेच दगड आणी. जुन्या स्मारकांच्या संरक्षणाचा केंद्राचा आजचा कायदाही त्यानंतर, १९५८ साली झाला. आज जुनापाणी संरक्षित आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास बंदी आहे. पण कायदा फलकावर असतो आणि माळ उघडा असतो. आम्हांला वर्तुळांतून चाकोऱ्या गेलेल्या दिसल्या, फुटक्या बाटल्या दिसल्या. शिवाय विदर्भातली सगळीच वर्तुळे काही अशी संरक्षित नाहीत. कितीतरी शेतांच्या धुऱ्यावर आणि पडीत जमिनीवर आहेत.

आम्ही डबे उघडून बसलो, तेव्हा गुरे घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना पुऱ्या दिल्या. मी विचारले, "आजोबा, हे दगड कोणाचे?"

"गवळी राजाच्या वक्ताचे हायेत, बाई," ते म्हणाले. "आमचे बुढे लोक इथला गोटा घरी नेत नव्हते. नेला त घराची बरकत जाते, म्हणत."

"आणि आता?"

"आता कोन आयकते? पलीकडच्या माळावर टरक येते न मुरूम भरून घेऊन जाते. मुरमासंगं गोटेबी जाते."

आम्ही शिकलेल्या बायका अशा समजुतींना हसतो. पण गोटा घरी न नेण्याच्या त्या समजुतीने ही वर्तुळे शेकडो वर्षे राखली, आणि आमच्या शिक्षणाने त्यातला एक धोंडा धुण्यासाठी घरी आणला, हे मला त्या दिवशी नाकारता येईना.

सहलीनंतर मी दोन गोष्टी केल्या. परसातल्या दगडाचे मोजमाप घेऊन, खळग्यांचे चित्र काढून, घर कधी बांधले ते वर्ष घालून पुरातत्त्व खात्याच्या येथील कार्यालयाला पत्र दिले. आणि धुण्यासाठी दुसरी फरशी आणली. दगड सध्या तेथेच आहे. चिमण्यांचे पाणी मात्र चालू आहे. त्याने कोणाचे काही बिघडत नाही, असे मला वाटते.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची घरे जुनी आहेत. माहेरी शेते आहेत, धुरे आहेत. आपल्या परसात, गोठ्यात, विहिरीच्या काठावर असा एखादा खळग्यांचा दगड आहे का, ते एकदा पाणी ओतून पाहावे. असल्यास तो कोठून आला, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना आजच विचारून तारखेसह लिहून ठेवावे. आमच्या घरी हे विचारावयास मी उशीर केला. आणि शेतात गोल मांडलेले धोंडे आढळले, तर ते नांगराला आडवे येतात म्हणून काढण्यापूर्वी खात्याला एक पत्र घालावे. यापुढे दर वर्षी माघात मंडळाने जुनापाणीस एक फेरी करावी, बरोबर मुलांना न्यावे आणि बाटल्या-कचरा वेचून आणावा, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आहे. त्या फेरीत फक्त बोरे घरी आणण्यास परवानगी आहे.