घोंगडी, रेनकोट आणि हायड्रोजनचा हात

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना पावसानं उभं चिरलंय. पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना... तिथे आभाळ फाटलेलं. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे ढग येतात, बघतात आणि निघून जातात. माझं आजोळ खटावचं, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा, आणि शनिवार-रविवारी डोकं रिकामं! तेव्हा मंडळी, आजचा विषय आहे अंगावर पाऊस झेलणाऱ्या दोन वस्तू : धनगराची घोंगडी आणि पॉलियुरेथेनचा पातळ पडदा लावलेला, ट्रेकला नेतो तो रेनकोट.

आता तुम्ही म्हणाल, यांचा एकमेकांशी काय संबंध? रसायनशास्त्राच्या हिशेबात हे सख्खे चुलतभाऊ आहेत. लोकर म्हणजे प्रथिन. तिच्या साखळीत ठराविक अंतरानं नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन असतो आणि कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन असतो. पॉलियुरेथेनमध्येही नेमकी हीच जोडी. हा हायड्रोजन जवळच्या ऑक्सिजनकडे हात पुढे करतो, तो झाला हायड्रोजन बंध. नेहमीच्या रासायनिक बंधाच्या मानानं अगदीच कमजोर, पण संख्येनं अफाट.

या बंधाची कल्पना १९२० साली बर्कलीच्या लॅटिमर आणि रोडबुश यांनी नीट मांडली. पण मांडणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ते दाखवलं इन्फ्रारेडनं. हा अदृश्य प्रकाश विल्यम हर्शेलला १८०० साली सापडला होता, तोही साध्या थर्मामीटरनं. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा जास्त चढला!

युक्ती सोपी आहे. दोन अणूंमधला बंध म्हणजे स्प्रिंग समजा. ती ठराविक वेगानं थरथरते आणि त्याच वेगाचा इन्फ्रारेड गिळते. हायड्रोजनला पलीकडून ऑक्सिजननं ओढलं की त्याची मूळची स्प्रिंग सैल पडते, थरथर मंदावते. म्हणून पॉलियुरेथेनमधला मोकळा हायड्रोजन ३४५० च्या आसपास दिसतो (एकक : एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा), तर बांधलेला ३३२० च्या आसपास. ऑक्सिजनच्या बाजूलाही तसंच, १७३० वरून साधारण १७०० वर. आलेखावरचा उंचवटा सरकला की समजायचं, कुणीतरी कुणाचा हात धरलाय. १९३५ च्या सुमारास ही पद्धत ज्यांनी रुळवली, त्यांत अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेतले हेंड्रिक्स, वुल्फ आणि त्यांचे सहकारी होते.

पॉलियुरेथेनचा जन्म १९३७ चा, जर्मनीत. नायलॉनची पेटंट ड्यू पाँटकडे होती, त्यांना वळसा घालायचा म्हणून ओटो बायर नवं काहीतरी शोधत होता. पुढे यातूनच फोम, चपलांचे तळवे, ताणले जाणारे धागे आणि पातळ पडदे आले. पण हे रबरासारखं ताणतं आणि तरीही इतकं चिवट कसं? सगळ्यांचा संशय हायड्रोजन बंधांवर. १९७० मध्ये विस्कॉन्सिनच्या सीमोर, एस्टेस आणि कूपर यांनी इन्फ्रारेड लावून पाहिलं, तर बहुतेक सगळे हायड्रोजन बांधलेलेच निघाले. झालं, गुन्हेगार सापडला!

खरी गंमत पुढे आहे. याच कूपरच्या गटानं १९७३ मध्ये पायपरेझिन वापरून केलेलं पॉलियुरेथेन तपासलं. त्यात नायट्रोजनवर हायड्रोजन शिल्लकच राहत नाही, म्हणजे हा बंध होणंच शक्य नाही. तरीही त्यातले कडक तुकडे एकीकडे गोळा झाले, मऊ तुकडे दुसरीकडे, आणि माल चिवटच राहिला. म्हणजे मुख्य काम मांडणीचं होतं, बंध मदतनीस. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे ओळखीचं वाटेल. प्रत्येक क्रॅशच्या आधी लॉगमध्ये एक ओळ दिसते, म्हणून क्रॅशचं कारण तीच असं नसतं. ती ओळ काढून बघावी लागते. कूपरनं नेमकं तेच केलं.

रेनकोटच्या काही पडद्यांमध्ये मात्र हा बंध थेट कामाला येतो. छिद्र एकही नाही, पण मऊ तुकड्यांत पाण्याशी मैत्री करणारे ऑक्सिजन असतात. घामाची वाफ एका ऑक्सिजनचा हात सोडून दुसऱ्याचा धरत बाहेर पडते. मात्र आत जास्त दमटपणा आणि बाहेर कमी असेल तरच. जुलैत महाबळेश्वरला बाहेरच हवा बाष्पानं गच्च, मग वाफ जाणार कुठे? रेनकोट कितीही महाग घ्या, तिथे आतून घामानं ओले होणारच.

आणि घोंगडी? लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी वाफेच्या रूपात पिते, तरी हाताला ओली लागत नाही. उलट पिताना थोडी ऊब देते. धनगरानं कातरलेली दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, सनगरांचा खड्ड्यातला माग, ताण्याला चिंचोक्याची खळ... यात कुठे प्रयोगशाळा नव्हती. पण कुठली वस्तू कुठल्या हवेत चालते, याची परीक्षा पिढ्यान् पिढ्या चालू होती.

आज त्या लोकरीला भाव नाही. मेंढपाळाचं पोट मटणावर चालतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, ती त्यासाठीच. त्यात गैर काहीच नाही, घर चालायला हवं. पण लोकर 'टाकाऊ' ठरली ती बाजारात. स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवलीत, तर महागड्या रेनकोटात दिसतो तोच हायड्रोजनचा हात तिथेही दिसेल, आणि तोसुद्धा ३३०० च्या आसपासच.

असो. या पावसाळ्यात रेनकोट घ्यायला निघालात, तर जाता जाता एक घोंगडीही बघून या.