तर्खडकरी शिस्त आणि पिंपरीचे कारखाने

1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1962 नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीने हवेली तालुक्यातील शेते व्यापली, तेव्हा यंत्राची पुस्तिका इंग्रजी आणि कामगाराची जबान मराठी अशी अडचण उद्भवली. तथापि तिचा उपाय महाराष्ट्राच्या संग्रही पूर्वीपासूनच होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत शब्द, नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी, असा क्रम मुक्रर असे. आणि नित्य थोडे, परंतु लिहूनच करावयाचे, ही त्या पद्धतीतून अंगी बाणणारी शिस्त मला आजही शास्त्रशुद्ध वाटते. उच्चार व संभाषण मात्र तीत उपेक्षित राहिले. चाकणला 2009 साली फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला, त्या काळापर्यंत तर परदेशी अभियंत्याशी समक्ष बोलणे हाच कामाचा भाग होऊन बसला होता.