पडून राहा ते उठून बसा

१९६७ च्या डिसेंबरात माणसाचं हृदय बदलल्याची बातमी आली, तेव्हा मी कॉलेजात होते. केप टाउनचे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड रातोरात घरोघरी पोचले. पण नवं हृदय बसवलेला माणूस पलंगावरून खाली कसा उतरतो, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तीच गोष्ट मोठी वाटते.

आमच्या लहानपणी हृदयविकार म्हणजे सक्तीची विश्रांती. झटका आलेल्याला कित्येक आठवडे निजवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या डॉ. लेव्हाइन आणि डॉ. लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे निजवून ठेवलं. त्यांचा दमसास जवळजवळ पाव हिश्श्याने घटला! म्हणजे निजण्यानेही माणूस खंगतो.

बर्नार्ड यांचे पहिले रुग्ण लुई वॉशकान्स्की १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेले. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं, पण तो रुग्ण काही तासच जगला. बर्नार्ड यांचे दुसरे रुग्ण, दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग, मात्र ७४ दिवसांनी घरी गेले आणि एकूण सुमारे १९ महिने जगले. हृदय बदललेला माणूस हिंडू-फिरू शकतो, हे जगाने पाहिलं.

यात एक गंमतीची अडचण आहे. रोपण करताना हृदयाच्या नसा तुटतात. आपण जिना चढू लागलो की मेंदूचा निरोप लगेच पोचतो आणि ठोके वाढतात. नव्या हृदयाला तो निरोप मिळत नाही! बसल्या जागी त्याचे ठोके मिनिटाला ९० ते ११० असतात. चालू लागल्यावर रक्तातून अ‍ॅड्रेनलिन येईपर्यंत काही मिनिटं ते वाढत नाहीत, आणि थांबल्यावर लवकर उतरत नाहीत. म्हणून आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, मग खुर्ची, मग चार पावलं. व्यायामाची सुरुवात सावकाश, शेवटही सावकाश. नाडीवर फार भिस्त ठेवता येत नाही, म्हणून किती दमलात ते रुग्णालाच विचारतात. त्यासाठी स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी ६ ते २० अशी मोजपट्टी करून ठेवली आहे. पेपर तपासताना मी इतकी वर्षं गुण दिले, पण दमण्याला गुण देण्याची ही कल्पना मला फार आवडली.

१९९९ साली अमेरिकेत २७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोपणानंतर दोन आठवड्यांच्या आत काहींना देखरेखीखाली व्यायाम सुरू केला, बाकीच्यांना घरी करायला सांगितलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची ताकद कितीतरी जास्त वाढलेली दिसली.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं की प्रेमाने पहिलं वाक्य येतं, "अजिबात उठू नका हं!" तिथे फिजिओथेरपिस्ट त्याला हात धरून उठवत असेल, तर आपण जरा बाजूला सरकून वाट द्यावी.